टर्मिनलवरचं कुंकू

उस्ताद,

हे पत्र तुम्हाला लिहितोय, पण ऐकायला हवं ते आणखी काही लोकांनी. आपल्या बीड जिल्ह्यातल्या त्या सगळ्यांनी, ज्यांनी कुणा मोठ्या माणसाची बंद पडलेली गाडी खांदा लावून ढकलली, आणि ती चालू झाल्याबरोबर तोंडावर धूर खाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. गाडीवाला काच खाली करत नाही. थांबलो तर पुन्हा बंद पडेल, या भीतीनं तो जो सुटतो तो सुटतोच. ढकलणारे हात झटकतात, एकमेकांकडे बघून हसतात आणि चहाकडे वळतात. कुणी विचारत नाही की अरे, ही गाडी काल बंद पडली, परवा पडली, तू एकदा तरी बॉनेट उघडलंस का? आमचं सगळं सार्वजनिक आयुष्य अशा धक्क्यावर चाललंय. मी ते पन्नास सभांत सांगितलं आणि पन्नास वेळा टाळ्या घेतल्या. आज ते बोलण्याचा अधिकार मला उरलाय का, तेवढं तपासायचं आहे.

तुमची माझी ओळख अशाच एका धक्क्याच्या वेळी झाली. मी चोवीस वर्षांचा, बी.ए. झालेला, नोकरी नसलेला, आणि गळ्यात आवाज असलेला. निवडणुकीच्या प्रचाराची जीप चालवायची आणि भोंग्यावर ओरडायचं, असं दुहेरी काम मला मिळालं होतं. मांजरसुंब्याच्या चौकात जीप उभी केली, इंजिन बंद ठेवलं, आणि दोन तास भोंगा चालू. मग सेल्फ मारला तर नुसतं टक्. मी मोठ्या रुबाबात चहा पिणारे चार जण गोळा केले आणि त्यांना मागं उभं केलं. तेवढ्यात तुम्ही तुमच्या पत्र्याच्या शेडमधून हात पुसत आलात. बॅटरीतल्या तेजाबानं सदऱ्याला बारीक बारीक भोकं पडलेली, डोळे लाल. तुम्ही बॉनेटवर हात ठेवून म्हणालात, "तोंड चालवाया बॅटरी, आन् गाडी चालवाया माणसं? कावून बे?"

चौक हसला. मी भोंग्याची तार काढली. तुम्ही त्या चौघांना चहाकडे परत पाठवलंत, बॅटरी काढून शेडमध्ये नेलीत आणि मला समोर बसवलंत. बूचं उघडून आत बघायला लावलंत. प्लेटा उघड्या पडलेल्या, पाणी तळाला. मी उत्साहानं सांगितलं की परवाच बोरचं पाणी भरलंय. तुम्ही बूचं परत लावलीत. "आपल्या बोरच्या पाण्यानं माणसाला मुतखडा होतो. हिला काय होईल?" एवढंच बोललात. पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो तोच प्लेटांवर बसतो, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. आणि पुस्तकं मी तेव्हाही पुष्कळ वाचत होतो.

त्यानंतर वर्षभर मी सवड मिळाली की तुमच्याकडे येत राहिलो. तुम्ही शिकवत नव्हतात. करत होतात, आणि मी बघत होतो. बॅटरीत फक्त तिचं शुद्ध पाणी घालायचं, प्लेटा बुडतील इतकंच. तेजाब वरून ओतायचं नाही. बसलेली बॅटरी घाईनं भरायची नाही, हळू चार्जिंगला लावायची. ज्याला घाई असेल त्यानं एसटी पकडावी. तार काढताना आधी काळी, लावताना काळी शेवटी. काचेची नळी प्रत्येक सेलमध्ये बुडवून तिच्यातला तरंगता काटा वाचायचा, आणि पाच सेल चांगले असून सहावा मेलेला असला तर मालकाला खोटी आशा द्यायची नाही. ती नळी तुम्ही एक दिवस मला फडक्यात गुंडाळून दिलीत. ती आज माझ्या घरी काचेच्या कपाटात आहे, सन्मानचिन्हांच्या मध्ये. येणाऱ्याला मी सांगतो की हे माझ्या श्रमाच्या दिवसांचं प्रतीक आहे. असली वाक्यं मला फार लवकर सुचतात.

खंडेनवमीची तुमची रीत मात्र मी कुणाला सांगितली नाही. आपल्याकडे त्या दिवशी गाड्या धुतात, हार घालतात, नारळ फोडतात, आणि भक्तिभाव उतू गेला की बॉनेट उघडून बॅटरीलाही हळदकुंकू लावतात. नारळाचं पाणी तार जोडायच्या टोकावर, टर्मिनलवर, सांडतं, त्यावर कुंकू बसतं, आणि पूजेचं कुंकू पुसायचं नसतं म्हणून वर्षभर कुणी हात लावत नाही. खाली पांढरा-हिरवा बुरा चढत जातो. दसऱ्यानंतर महिनाभर तुमच्याकडे अशाच गाड्या येत. तुम्ही कधी हसला नाहीत. ओलं फडकं हातात धरून मालकाला विचारायचात, "तुमी पुसता का मी पुसू?" बहुतेक जण स्वतः पुसायचे, नमस्कार करून. मग तुम्ही सोडा टाकलेलं गरम पाणी आणि ब्रश घ्यायचात. सगळं मिळून पाच मिनिटं. तुम्हाला त्यावर भाषण करता आलं असतं. तुम्ही केलं नाहीत.

आताच्या गाड्या बघायला तुम्ही राहिला नाहीत हे बरंच झालं. बटण दाबलं की छप्पर उघडतं, आतून बाई रस्ता सांगते, आणि मालकाला बॉनेटचा खटका कुठं असतो ते माहीत नसतं. गाडी दारापुढं झाकून ठेवायची. लग्नाला, सभेला, किंवा नारायणगडावर फोटो काढायला तेवढी बाहेर काढायची. एरवी दोन किलोमीटर गेली तरी डोक्यावरून पाणी. जितकं चालू करताना खर्चलं तितकं भरून यायला इंजिन अर्धा तास तरी पळावं लागतं, हे यांना कोण सांगणार? बॅटरी बसली की फोन काढून उभे राहतात. ज्या वस्तूची काळजी घ्यायची अक्कल नाही ती मिरवायची, हा आता आमच्याकडे प्रतिष्ठेचा नियम झालाय. मीही तसलीच गाडी घेतलीय, उस्ताद. पांढरी. कार्यकर्त्यांनी खंडेनवमीला तिची पूजा केली, बॉनेट उघडून. विवेकावर दोन दोन तास बोलणारा मी हात जोडून फोटोत उभा राहिलो आणि ते कुंकू तसंच राहू दिलं. फोटोला चांगलं दिसत होतं.

गेल्या हिवाळ्यात केजच्या पलीकडच्या एका गावात माझी संध्याकाळची सभा होती. मुक्काम तिथल्या शाळेतल्या शिपायाच्या घरी. त्यांच्या थोरल्या मुलीची दुसऱ्या दिवशी बीडला भरतीची परीक्षा. वयाच्या अटीनं ही तिची शेवटची संधी. केंद्राचं फाटक नऊला बंद होणार. हे मला जेवताना कळलं असतं तर ठीक होतं. मला ते व्यासपीठावर चढण्याआधी कळलं. मी भाषणाच्या शेवटी तिला उभं केलं आणि जाहीर केलं की ही लेक उद्या माझ्या गाडीतून परीक्षेला जाईल. टाळ्या थांबेनात. तिच्या वडिलांनी सकाळी सहाच्या जीपमध्ये तिची जागा धरली होती. त्यांनी तिथूनच फोन करून ती सोडली. त्याच सभेत मध्येच वीज गेली होती. तेव्हा मांडववाल्यानं माझ्याच गाडीच्या बॅटरीवर भोंगा जोडला. इंजिन चालू ठेवू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. आवाजात आवाज मिसळतो.

सकाळी पावणेसात. थंडी अशी की तोंडातून वाफ निघतेय. मुलगी पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलेली. मी सेल्फ मारतो. टक्. पुन्हा मारतो. समोरचे दिवे पिवळे होऊन विझतात. तिचे वडील म्हणाले की मोटारसायकलवर नेतो, साठ किलोमीटर तर हाय. मी त्यांना थांबवलं. पाच मिनिटांत होतं, म्हणालो, मी मांजरसुंब्याच्या उस्तादाच्या हाताखाली शिकलोय. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तुमचं नाव काढलं ते असं, फुशारकीसाठी.

शेजारी, सभेला येऊन गावातच मुक्कामाला राहिलेल्या एका तरुण नेत्याची मोठी गाडी उभी होती. साहेब झोपलेले, ड्रायव्हर काचा पुसत होता. मी त्याला म्हटलं, मुलीला सोडून ये. तो ओशाळला. "बॅटरीला बॅटरी जोडून जंप देतो, पण साहेबांना विचारल्याबिगर चाक हालत न्हाई." आणि विचारायची त्याची छाती नव्हती. तारा त्याच्याकडे होत्या, पण कुठली कुठं लावायची ते ठाऊक नव्हतं. लाल काळ्याला भिडवणारच होता, मी हात धरला. लाल माझ्या बॅटरीच्या लाल टोकाला, मग त्याच्या लाल टोकाला, काळी त्याच्या बॅटरीला, आणि काळीचं उरलेलं टोक माझ्या इंजिनच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. सगळं तुम्ही शिकवलं तसं. त्याची गाडी चालू केली, थांबलो, माझा सेल्फ मारला. टक्.

लाल तारेचा चिमटा टर्मिनलवरच्या कुंकवावर बसला होता. खाली बोटभर बुरा. पुसायला फडकं मागितलं तर मुलीचे वडील पुढं आले. "साहेब, पूजेचं हाय. आसं कसं पुसायचं?" भोवती पंधरा-वीस माणसं जमलेली, दोघांचे मोबाईल वर धरलेले. आणि उस्ताद, मी ओलं फडकं हातात धरून विचारलं नाही, तुम्ही पुसता का मी पुसू. मी बोलू लागलो. श्रद्धा कुठं संपते आणि आळस कुठं सुरू होतो, यावर. यंत्राची खरी पूजा म्हणजे काय, यावर. संतांची साक्ष काढली, परदेशातल्या कारखान्यांचे दाखले दिले. मोबाईल हलत नव्हते आणि मला रंग चढत होता. मुलगी गाडीतून कधी उतरली मला कळलं नाही. ती घरातून आंघोळीच्या पाण्याचा तांब्या, सोड्याचा डबा आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन आली होती. वडिलांना एवढंच म्हणाली, "अण्णा, नमस्कार करा आन् सरका." त्यांनी नमस्कार केला. ते सरकले. तिनं बूचं घट्ट आहेत का विचारलं, ओढणी कमरेला खोचली आणि घासायला लागली. मी तारा काढून दिल्या, आधी काळी. टर्मिनल चकाकलं, नटं आवळली, पुन्हा जंप लावला. इंजिन धडधडलं. आठला दहा कमी होते.

मांजरसुंब्याला थांबलो नाही. तुमचं शेड होतं तिथं ढाब्यासमोर ट्रक लागतात आता. मी बाजूला बघितलं नाही, घड्याळाकडे बघत होतो. केंद्रावर पोचलो तेव्हा नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती. फाटक बंद.

मी फाटकावरच्या माणसाशी बोलू लागलो. खेड्यातली मुलगी, शेवटची संधी, माणुसकी, नियम कुणासाठी असतात, सगळं. आवाज चढत गेला, लोक थांबून बघू लागले. तो माणूस कंटाळून म्हणाला की कुलूप आतून हाय, मला कावून सांगता. तरी मी थांबेना. तेव्हा ती मागून म्हणाली, "काका, भाषण नका करू. गाडी बंद करू नका तेवढी, न्हाईतर घरीबी जायचं न्हाई."

परतीच्या वाटेवर ती रडली नाही. केज यायच्या आधी तिनं एकच विचारलं: ती काळी तार शेवटी बॅटरीला न लावता इंजिनच्या लोखंडाला कावून लावली? मी सांगितलं की बॅटरीतून गॅस निघतो, शेवटची तार जोडताना ठिणगी उडते, ती गॅसजवळ उडू नये म्हणून. दोन वाक्यांत झालं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सकाळी एवढंच बोलला असता तर." बॉनेटपाशी मी किती वेळ बोललो ते ज्याच्या मोबाईलमध्ये होतं, त्यानं दुसऱ्या दिवशी मला कौतुकानं पाठवलं. चौदा मिनिटं.

तुमचा मुलगा बीडला फळांचा गाडा लावतो. त्याच्या हातात हे पत्र देता आलं असतं. दोनदा गेलो, पपई घेतली, पत्र खिशात ठेवून परत आलो. तो ओळखीचं हसला आणि अब्बा तुमची लई आठवण काढायचे म्हणाला. मग तर देणं शक्यच नव्हतं. कारण त्या मुलीची कहाणी मी त्यानंतर चार सभांत सांगितली आहे, आणि चारही वेळा दोष फाटकाच्या कुलपाला दिला आहे. एका सभेत एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. बॅटरीचं नाव मी घेतलं नाही. त्या चौदा मिनिटांचं तर नाहीच.

पाचवी सभा या महिन्यात आहे, आणि माझ्या एकट्याच्या हातून हे सुधारेल असं मला वाटत नाही. म्हणून, लोकहो, मी त्या मुलीचं नाव काढलं की तुमच्यातल्या एकानं उभं राहा, मला मध्येच थांबवा, आणि भोंग्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा: ती पोरगी उशिरा कावून पोचली?