कप्तान परत आला की नाही

ता. ८ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण तो हल्ली माझ्यापासून वेगळा राहिल्यासारखाच वागतो, म्हणून त्याचे वेगळे सांगितले.

आता मुद्द्याचे. गेल्या रविवारी दुपारी दोन वाजता टीव्हीवर ‘दूरयान : अखेरची फेरी’ लागला. चाळीस वर्षे वाट पाहिली रे! तू बारा वर्षांचा होतास. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवीन होते आणि दर शुक्रवारी कोणाच्या तरी हातापाया पडून पाळी बदलून घेत असे, ती फक्त तुझ्याबरोबर ‘दूरयान’ पाहायला. कप्तानाच्या हातातले ते किरणयंत्र म्हणजे दाढीचा ब्रश आहे, हे तू शोधून काढलेस आणि मी तुला धपाटा घातला होता. मग एका शुक्रवारी मालिका मध्येच बंद पडली. कप्तान अवकाशात राहिला तो राहिलाच. मी तेव्हा टीव्ही केंद्राला पत्र लिहिले होते. एकच लिहिले, ही चूक झाली. एका पत्राला कोण विचारतो?

तर आमच्या दूरयान प्रेमी मंडळाचे चौदाच्या चौदा सभासद माझ्या बाहेरच्या खोलीत जमले. आधी सगळ्यांची जेवणे झाली, मग पडदे ओढले, पंखा लावला. चित्रपट उत्तम. शेवट तर काय सांगू! कप्तान परत येतो, तळावरचे दिवे एकेक करून लागतात आणि चाळीस वर्षांनी तो जमिनीवर पाय ठेवतो. आमच्या मंडळातले निवृत्त स्टेशनमास्तर त्या प्रसंगाचे वर्णन करतात तेव्हा अंगावर काटा येतो.

आणि आज तुमच्या वर्तमानपत्रात ‘दुर्बीण’ नावाने सदर लिहिणारा तो शहाणा काय म्हणतो? म्हणतो, चित्रपट कंटाळवाणा, यान पुठ्ठ्याचे, आणि कप्तान परत येतच नाही! पुढे लिहितो की मालिकेचे चाहते आता इतके पिकले आहेत की शेवटपर्यंत जागे राहिले तरी पुष्कळ. माझे अठ्ठावीस दात शाबूत आहेत म्हणावे, हवे तर येऊन मोज, पण बोट सांभाळून. हा गृहस्थ शेवटापर्यंत बसलाच नाही, हे उघड आहे. एरवी मी त्याचे सदर आवडीने वाचत असे. वर्षभराची कात्रणे ठेवली होती, ती आता रद्दीत.

तू त्याच कचेरीत शब्दकोडी आणि हवामान बघतोस ना? मग हा दुर्बीण कोण, ते मला कळव. नाव आणि घरचा पत्ता. बाकीचे मी बघते.

सगळ्यांना आठवण सांग, आणि पत्राला उत्तर देण्याइतका लोभ तरी शिल्लक ठेव.

तुझी,
ताई

---

ता. १२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. पाकीट हातात घेतले तेव्हाच कढत लागले.

गुडघ्याला शेक घेत जा. आमच्याकडे सगळे ठीक. थोरलीची परीक्षा आटोपली. धाकटीने चष्मा पुन्हा हरवला, आणि तो शोधायला चष्मा हवा म्हणते.

दुर्बीण कोण ते मला सांगता येणार नाही. संपादकांच्या टेबलावर लेख येतो, तिथून छापायला जातो. आम्ही शब्दकोडीवाले कोपऱ्यात बसतो, आमच्यापर्यंत फक्त चहा पोचतो. पण ताई, तो माणूस अगदीच वाईट असेल असे मला वाटत नाही. त्याने चित्रपट पाहिला असेलही. कदाचित त्यालाही लहानपणापासून कप्तानाची काळजी असेल, आणि म्हणूनच राग आला असेल.

शिवाय तू पोस्टाचे तिकीट वाया घालवू नकोस. ते सदर या महिनाअखेर बंद होणार आहे. संपादक म्हणतात की ते कोणी वाचत नाही. वर्षभरात वाचकांची दोन पत्रे आली. त्यातले एक एका बाईंचे होते, त्यांना हरवलेल्या मांजराची जाहिरात द्यायची होती. सदराच्या जागी पावसाळी बुटांची जाहिरात येणार म्हणतात. तेव्हा तुझा शत्रू आपोआपच मरतो आहे.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी थोडी माया बाजूला काढून ठेव.

तुझा,
धाकटा

---

ता. १३ मार्च

ती. वन्सं यांस,

सा. न. वि. वि.

हे पत्र मी प्रयोगशाळेत, रक्ताच्या नळ्यांशेजारी बसून लिहिते आहे. घरी लिहिलं तर ह्यांना दिसेल.

वन्सं, दुर्बीण म्हणजे हेच. तुमचा धाकटा. वर्षभर तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही हसाल अशी ह्यांना भीती. सव्वीस वर्षं आडवे शब्द आणि उभे शब्द केले, उद्या ढगाळ की निरभ्र ते लिहिलं. मग मागच्या वर्षी हे सदर मिळालं. तेव्हापासून बुधवारी लिहायला बसण्याआधी दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात. घरातल्या घरात! मुली हसतात, पण त्या दिवशी टीव्हीचा आवाज आपणहून कमी करतात.

तुमचा तो चित्रपट ह्यांनी दोनदा पाहिला, एकदा टीव्हीवर आणि एकदा केंद्रातून चित्रफीत आणून. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर टीव्ही बंद केला. मग म्हणाले की चाळीस वर्षं थांबलेल्या माणसाच्या तोंडावर कोणी असं दार लावतं का? मी काही समजले नाही, पण चहा केला.

आता सदर बंद होणार. परवापासून दाढी नाही. तुम्ही मोठ्या आहात, मी काय सांगणार? पण ह्या महिन्यात तरी दुर्बिणीला सोडा. आणि मी सांगितलं असं ह्यांना कळू देऊ नका.

मुलींचे नमस्कार. आम्हा सगळ्यांवरची सावली अशीच राहू द्या.

तुमची,
भावजय

---

ता. १६ मार्च

चि. सौ. भावजयीस,

आशीर्वाद. तुझे पत्र वाचले आणि फाडले. चौतीस वर्षे लोकांचे फोन जोडले. ऐकलेले पोटात ठेवायची सवय आहे.

कसला गं हा मुलगा! माझ्याच डोळ्यांत धूळ फेकत बसला होता आणि मला सांगतो, आमच्यापर्यंत फक्त चहा पोचतो. त्याने सांगितले असते तर मी हसले असते हे खरे, पण नंतर सगळ्या गल्लीला वाचून दाखवले असते.

दुर्बिणीला सोड म्हणतेस. मुळीच सोडणार नाही. संपादकाला वाचक हवेत ना? मग आमचे चौदा सभासद रागावलेले आहेत, आणि रागावलेल्या निवृत्त माणसाइतका मन लावून वाचणारा वाचक जगात नाही. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या मदर सांगत, राग आला तर खुशाल येऊ द्या, फक्त तो सुवाच्य अक्षरात, समास सोडून लिहा. काल मंडळाची बैठक घेतली. एक्स्चेंजमध्ये मी पाळ्या वाटायची तशा प्रत्येकाला चिठ्ठ्या वाटल्या. कोणी यानावर लिहायचे, कोणी संगीतावर, कोणी शुद्धलेखनावर, आणि सगळ्यांनी शेवटावर. कोणाला काही सांगितले नाही. त्यांना वाटते आपण दुर्बिणीला फोडतो आहोत. फोडू देत.

तू दाढीचे सामान जागेवर ठेव. तुझ्यावर जीव आहेच, आज थोडा जास्त आहे.

तुझी,
वन्सं

---

ता. २८ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

कुठून सुरुवात करू? मागच्या आठवड्यात दुर्बिणीच्या नावाने एका दिवसात चौदा पत्रे आली. शिपायाने ती संपादकांसमोर ओतली. संपादक एरवी खुर्चीतून उठत नाहीत, ते उठले. त्यांनी तीन पत्रे छापली. त्यावर इतर वाचक खवळले, त्यांची एकवीस आली. बुटांची जाहिरात आतल्या पानावर गेली. सदराला दुप्पट जागा मिळाली, आणि मुदत म्हणशील तर वर्षभराची.

आता ऐक. ही सगळी पत्रे मलाच वाचावी लागली. त्यातले सहावे तुमच्या स्टेशनमास्तरांचे. पत्र नमुनेदार: विषय, संदर्भ, मजकूर. आणि खाली, ‘सोबत : आदेशाची मूळ प्रत, एक.’ टाचणी लावून तुझी चिठ्ठी जोडलेली होती. तुझे ते नन्सनी घोटून घेतलेले अक्षर मी अंधारातही ओळखीन. ‘स्टेशनमास्तर, कडक लिहा. वर्तमानपत्र बंद करण्याची धमकी द्या, पण बंद करू नका. सदर थांबवा असे चुकूनही लिहू नका. ते चालूच राहिले पाहिजे.’

चिठ्ठी मी खिशात घातली, संपादकांनी पाहिली नाही. पण ताई, तुला कळले आहे तर. सांगणारी कोण तेही मला माहीत आहे. ती दोन दिवस माझ्याकडे न बघता भाजी वाढते. खरे सांगू? आधी लाज वाटली. बावन्न वर्षांचा घोडा, आणि नोकरीतली एवढीशी जागासुद्धा ताईने राखून दिली. तू अजून माझ्यासाठी पाळ्याच बदलते आहेस.

पण खरी अडचण वेगळी आहे. तुमची चौदाही पत्रे छातीठोकपणे सांगतात की कप्तान परत येतो. तळावरचे दिवे एकेक करून लागतात, हे वाक्य तर चौदाही पत्रांत आहे. बाकीचे एकवीस वाचक म्हणतात, येत नाही. संपादकांनी मला बोलावून बजावले की पुढच्या गुरुवारी दुर्बिणीने सोक्षमोक्ष लावायचा, आणि चूक दुर्बिणीची निघाली तर सदर त्याच दिवशी संपले. मी टीव्ही केंद्रातून चित्रफीत पुन्हा मागवून चित्रपट तिसऱ्यांदा पाहिला. ताई, कप्तान येत नाही. यान लहान लहान होते, ठिपका होतो, आणि पडदा काळा. तळावर दिवे लागत नाहीत. तिथे तळच दाखवलेला नाही.

खरे लिहिले तर गावभर तुमच्या मंडळाचे हसे होईल, आणि चिटणीस तू. खोटे लिहिले तर मी गेलो. गप्प बसलो तरी गेलो. आता तूच सांग, तुम्ही चौदा जणांनी त्या दुपारी पाहिले तरी काय?

वाट पाहतो. रागावलीस तरी ते पत्राने कळव, मौन धरू नकोस.

तुझा,
धाकटा (दुर्बीण)

---

ता. ३१ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा पोस्टाने.

काय पाहिले म्हणतोस? पंखा पाहिला. पोटभर जेवण, ओढलेले पडदे, मऊ खुर्च्या. पहिल्या जाहिरातीला आमचे बँकेतले सभासद घोरू लागले, दुसऱ्या जाहिरातीनंतर मी गेले. साडेचारला जाग आली तेव्हा टीव्हीवर बाई फरशी पुसायचे द्रव विकत होती. चोहीकडे पाहिले तर सगळे डोळे चोळत एकमेकांना सांगत होते की किती छान होता. आम्ही चौघी-पाच जणी हळूच स्टेशनमास्तरांभोवती जमलो. ते एकटेच जागे होते. ताठ बसून, मनगटावरचे घड्याळ बघत. त्यांना शेवट विचारला. त्यांनी सांगितला तो शेवट. तोच आम्ही सगळ्यांनी घोकला, आणि तुझ्यावर उगारला.

तुझे पत्र आल्यावर मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाणी दिल्यावर सरळ विचारले. त्यांनी दारातल्या चपला सरळ करून ठेवल्या. मग म्हणाले की छत्तीस वर्षांत एकही गाडी पोचल्याची नोंद केल्याशिवाय मी घरी गेलो नाही. कितीही उशीर झाला तरी कंदील घेऊन उभा राहिलो. त्या दुपारी पडदा काळा झाला, त्यांनी मागे वळून पाहिले, तर तेरा माणसे चाळीस वर्षांची वाट पाहून झोपलेली. उठवून काय सांगायचे, गाडी आलीच नाही? ते त्यांच्या तोंडून निघेना.

  मग मीच उठून त्यांना पाणी दिले.

आता हुकूम ऐक. गुरुवारी खरे लिही. कप्तान आला नाही, आणि मंडळाच्या चिटणीस बाई दुसऱ्या जाहिरातीनंतर झोपल्या होत्या, असे माझ्या पदासकट लिही. बाकीचे बारा माझ्या भरवशावर राहिले म्हण. स्टेशनमास्तरांचे नाव त्यात येता कामा नये. हसे झाले तर माझे होईल. मला हसणारा माणूस माझ्यासमोर हसत नाही. आणि असे लिहिलेस की माझी माणसे पुन्हा चवताळतील, चौदाच्या जागी अठ्ठावीस पत्रे येतील. चिठ्ठ्या करायला घेतल्या आहेत. या खेपेला टाचण्या वाटणार नाही.

लाज कसली रे? कात्रणे रद्दीत गेली नाहीत. तुझे नाव माहीत नव्हते तेव्हापासून ठेवली होती, त्यामुळे त्यात भावाची भीड नाही. आणि तुझे परीक्षण अगदी बरोबर होते. मी जेवढा पाहिला तेवढा चित्रपट टुकारच होता; उगीच का झोप लागली? फक्त चाहते पिकल्याचे तेवढे मागे घे.

एक राहिले. मंडळाची वही असते, तीत दर बैठकीची नोंद होते. त्या रविवारच्या पानावर, स्टेशनमास्तरांच्या अक्षरात लिहिले आहे : ‘दूरयान आले. वेळ दुपारी चार वाजून वीस मिनिटे. उशीर चाळीस वर्षे.’ तू छापायचे ते छाप. वहीतले मी खोडणार नाही.

सौ.ला माझ्यासमोर रागावू नकोस, माझ्यामागेही नको. बुधवारी दाढी करायला विसरू नकोस, आणि आहे तो लोभ दुप्पट जागेत मावेल असा वाढव.

तुझी,
ताई