एकोणिसावा दिवस

मंगळवार, ६ मे
गावातल्या नळाला फ्लोराइड ६.८! तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.
न गाळलेल्या झऱ्याच्या पाण्यात लिटरला सतरा मिलिग्रॅम. प्यायला दीडपर्यंत चालतं. एप्रिलच्या सुरुवातीला आमचा गाळणीचा नळ सुरू झाला तेव्हा ०.६ होतं – आम्ही अरुशा शहरात, प्रयोगशाळेत केक कापला होता! महिन्यातून एकदाच मोजायचं ठरलं, त्यामुळे मधे काय झालं ते कुणालाच माहीत नाही.
गाळणीतला फ्लोराइड अडवणारा पातळ पडदा मी स्वतः ओतून बनवलेला. माझ्या हातचा.

बुधवार, ७ मे
माझे मार्गदर्शक मुशुंबुसी सर, त्यांना सांगितलं. "यंत्र तपास."
"तपासलं, सर."
"मग जरा थांब. एकवीसला पैसे देणारे पाहुणे येतायत. नळ बंद दिसला तर पुढच्या बारा गावांचं काम गेलं. बारा गावं, एलिनामी!"
बारा गावं खरीच आहेत. तोच तर घोळ आहे.

गुरुवार, ८ मे
७.१.

शनिवार, १० मे
कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते.
जानेवारीत प्रयोगशाळेत एक पडदा खऱ्या झऱ्याच्या पाण्यावर लावला होता. बाकीचे सगळे आम्हीच बनवलेल्या स्वच्छ पाण्यावर – त्यात फक्त मोजून फ्लोराइड. ते महिनोन् महिने टिकले. हा एकोणिसाव्या दिवशी गेला. झऱ्याच्या खाऱ्या पाण्यानं वरचा पातळ थर सालीसारखा सुटला.
सर म्हणाले, "एकच तर आहे. ओतताना चुकला असेल."
मी ती ओळ प्रबंधातून काढली. सरांनी नाही. मी.

सोमवार, १२ मे
गावात गेले. नळापाशी पिवळ्या डब्यांची रांग. किल्ली नाइशिये आजींकडे असते. पदराआड नात, नामयानी. चार वर्षांची. तिच्या थोरल्या दोघी बहिणींचे गुडघे फ्लोराइडनं वाकलेत, दात तपकिरी. ही अजून सरळ चालते.
"आलीस? चेहरा का असा? जेवली नाहीस वाटतं!" बळंच मक्याच्या पिठाची उगाली खायला बसवलं.
सांगायलाच गेले होते. सांगितलं नाही. गाळणीतल्या पडद्याच्या कडेचा तुकडा कापून घेतला, आणि "सगळं ठीक आहे ना?" असं उलट मीच विचारलं. लाज वाटते.

शुक्रवार, १६ मे
९.४. भिंगाखाली पाहिलं – थर सुटलाय. जानेवारीसारखाच.
सरांनीही भिंगातून पाहिलं. मग म्हणाले, "पाचच दिवस. सतरा वर्षं झऱ्याचं हेच पाणी पीत आलेत ते."
चार वर्षांची मुलगी सतरा वर्षं कुठून पीत आली?

शनिवार, १७ मे
नळ बंद केला. चावी फिरवली आणि बायांसमोर सगळं सांगितलं. जानेवारीचंही.
शिव्या खायच्या तयारीनं गेले होते. कुणी ओरडलं नाही! बाया नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. वाटलं, समजलं नाही. पुन्हा सांगायला लागले तर आजी म्हणाल्या, "समजलं गं."
एक म्हणाली, "लहानांपुरतं चर्चच्या टाकीतलं पावसाचं पाणी आणू." डबे उचलून सगळ्या गेल्या.

रविवार, १८ मे
सरांचा निरोप. एकच ओळ – "सोमवारपासून येऊ नकोस."
रडू आलं नाही. उलट भूक लागली.

मंगळवार, २० मे
माझे कागद गावात नळाजवळच्या पेटीत राहिले होते, ते आणायला गेले. आजी चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "आम्हाला ईस्टरपासून ठाऊक होतं, नळ सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हापासून. नळाच्या चांगल्या पाण्यात घेवडा दुपारपर्यंत शिजत नसे. मग एकाएकी पूर्वी झऱ्याच्या खाऱ्या पाण्यात व्हायचा तसा, सोडा घातल्यागत मऊ व्हायला लागला."
"मग बोलला का नाहीत?"
"तू किती हौसेनं वही घेऊन यायचीस. म्हटलं, पोरीची परीक्षा होऊन जाऊ दे."
"आणि नामयानी?"
"तिलाही तेच पाजलं."