करटुलीच्या पाटीवरचे नाव

प्रति,
मा. उद्यान अधिकारी,
शहर उद्यान कार्यालय, कोल्हापूर.

अर्जदार : प्रसेनजीत सयाजी कोवाडकर, वय ६३, सेवानिवृत्त अव्वल कारकून, रा. वसंतबाग कॉलनी, कोल्हापूर.

विषय : कॉलनीच्या मोकळ्या जागेतील करटुलीच्या वेलावरची पाटी उतरवणे व सदर वेल मूळ मालकाच्या ताब्यात देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची दि. ११ ऑगस्टची तोंडी तक्रार.
२) परसबाग मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरील दि. ९ ऑगस्टचा फोटो (करटुलीची भरलेली टोपली व तिच्यामागे हसणाऱ्या सौ. मगदूम).

महोदय,

१. अर्जदाराने चौतीस वर्षे इतरांचे अर्ज तपासले आणि त्रुटी काढून परत पाठवले. स्वतःसाठी अर्ज करण्याची ही पहिलीच वेळ. 'मी' लिहायला हात धजत नाही, सबब अर्जदार हा शेवटपर्यंत अर्जदारच राहील.

२. आमच्या कॉलनीत परसबाग मंडळ आहे. परमाकल्चर हा शब्द अर्जदारास तिथे कळला; त्याच्या आईला तो शब्द न कळताच सगळे येत होते. दर मे महिन्यात सभासद एकदा लावून वर्षानुवर्षे खाता येतील अशी झाडे आणतात. शेवग्याच्या फांद्या, कढीपत्त्याची रोपे, तोंडलीचे वेल, मायाळू. मंडळाचा नियम एकच : मागेल त्याला द्यायचे आणि दिल्याची आठवण करून द्यायची नाही. हा नियम ज्यांच्याकडे देण्यासारखे काही नव्हते त्यांनी केला असावा, असे अर्जदाराचे स्पष्ट मत आहे.

३. मे २०२३ मध्ये अर्जदार चंदगडला जाऊन आपल्या गावच्या डोंगरातून करटुलीचे सहा कंद घेऊन आला. जागा त्याला त्याची आई कै. यल्लव्वा हिने लहानपणी दाखवली होती. वेल दिवाळीनंतर वाळून जातो, पण कंद जमिनीत जिवंत असतो आणि पुढच्या वर्षी आपणहून फुटतो. एसटीत सामान ठेवायच्या फळीवर न ठेवता अर्जदाराने ते कंद कोल्हापूरपर्यंत मांडीवर आणले. त्यातले पाच, 'आईच्या डोंगरातले' असे सांगून, मंडळात वाटले. सहावा, सर्वांत थोराड, पिशवीतून बाहेरच काढला नाही. हे नमूद करण्याची अर्जदारास हौस नाही, परंतु पुढचा घटनाक्रम त्याशिवाय लागत नाही.

४. सौ. विजयमाला जयपाल मगदूम या जैन असल्याने कंद खात नाहीत. त्यांनी भर मंडळात विचारले, "खायाचा न्हाय, पर लावायला चालतंय न्हवं?" सगळे हसले. अर्जदाराने त्यांना सर्वांत किरकोळ, एका बाजूने किडीने पोखरलेला कंद दिला. तो त्यांनी मोकळ्या जागेच्या कुंपणाशी लावला. अर्जदाराने आपला थोराड कंद त्याच कुंपणाला लागून असलेल्या स्वतःच्या अंगणात लावला. उरलेले चार कंद जगले की मेले याची अर्जदाराने चौकशी केलेली नाही, कारण त्यांचे फोटो कोणी टाकत नाही.

५. गेल्या वर्षी मगदूम बाईंच्या वेलाला करटुली लागली. अर्जदाराच्या वेलाला फुले आली, नुसती फुले! पिवळीधमक, पानोपानी, आणि एकाच्याही मागे फळ नाही. अर्जदाराने ताक घातले, शेणकाला घातला, गूळपाणी घातले. वेल भिंत ओलांडून पलीकडे गेला, फुलांनी लदबदला आणि तसाच वाळला.

६. त्याच श्रावणात मगदूम बाईंनी करटुलीच्या भाजीचा डबा घरी धाडला. अर्जदाराच्या पत्नीने दोनदा वाढून घेतली आणि म्हणाली, "काय बी म्हणा, त्यांच्या हाताला गुण हाय." अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. भाजी चांगली होती, हे जास्तच झोंबले. 'वि. ज. म.' कोरलेला तो स्टीलचा डबा आज एक वर्ष अर्जदाराच्या फळीवर आहे. शेजारणीचा डबा रिकामा परत करण्याची आमच्याकडे रीत नाही. मंडईतली करटुली घालून परत करायला अर्जदाराचे मन घेत नाही. पत्नी रोज डबा पुसते आणि रोज अर्जदाराकडे बघते.

७. यंदा वेलाजवळ मंडळाने पाटी लावली : 'करटुली – विजयमालाताई'. अर्जदाराची आई पावसाळाभर डोंगरात भिजून करटुली गोळा करी आणि बाजाराला नेई. त्यातून अर्जदाराच्या वह्या येत. तिचे नाव रेशनकार्डाव्यतिरिक्त कुठल्याही कागदावर नाही, फलकावर तर नाहीच. आणि तिच्या डोंगरातल्या वेलावर मगदूम बाईंचे नाव. अर्जदार रोज सकाळी फिरायला निघताना ही पाटी वाचतो आणि दिवस वाया जातो.

८. याहून गंभीर बाब अशी की, सौ. मगदूम यांचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकते. इतर लोक चहा घेत असताना, म्हणजे अर्जदाराच्या वेलाची फुले नुकती उमलतात त्या वेळी, त्या भिंतीपाशी येतात व अर्जदाराची सात-आठ फुले तोडून नेतात. अर्जदाराने हे खिडकीच्या पडद्याआडून सलग नऊ दिवस पाहिले आहे. फळे त्यांना, फोटो त्यांचा, पाटी त्यांची, आणि अर्जदाराच्या नशिबी उरलेली फुलेही त्यांनाच!

९. तरी पाटी तात्काळ उतरवावी, वेल अर्जदाराच्या अंगणात वर्ग करावा व फुलांच्या चोरीचा पंचनामा व्हावा. अन्यथा अर्जदार दि. २० ऑगस्ट रोजी स्वतःचा वेल कंदासकट उपटून टाकील, म्हणजे निदान फुले तरी कोणाच्या हाती लागणार नाहीत. कुदळीस दांडा बसवून घेतला आहे.

(येथवरचा मजकूर दि. १८ रोजी टंकलिखित केला. पुढील मजकूर दि. १९ रोजी अर्जदाराच्या हस्ताक्षरात.)

१०. आज सायंकाळी आपल्या कार्यालयाच्या पर्यवेक्षक साक्षी मॅडम संदर्भ क्र. १ च्या अनुषंगाने पाहणीस आल्या. त्यांनी दोन्ही वेलांचे एकेक फूल तोडून अर्जदाराच्या तळहातावर ठेवले. मगदूम बाईंच्या फुलाच्या देठाशी बोराएवढी काटेरी गाठ होती. अर्जदाराच्या फुलाशी काही नव्हते. करटुलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. अर्जदाराने हात आखडून स्वतःसाठी ठेवलेला थोराड कंद नराचा निघाला. त्याला जन्मात फळ धरणार नाही. मात्र त्याच्या फुलातला पराग संध्याकाळी मादी फुलांना हाताने लावला, तर ती भरभरून धरतात. नऊ दिवस पडद्याआडून जी चोरी दिसत होती, ती ही होती. अर्जदाराने उद्या कुदळ चालवली असती, तर कुंपणावर पुढे एकही करटुले लागले नसते.

११. तेवढ्यात मगदूम बाई नेहमीप्रमाणे भिंतीपाशी आल्या. मॅडमनी त्यांना विचारले, हे यांना सांगितले का नाही? बाई म्हणाल्या, "सांगायला दोनदा आलतो की. पाटी लावायच्या आदी परत आलतो. ह्यांच्या आईचं नाव घालायचं ठरीवलंतं, पर नाव कुणाला ठावं? तवाबी हे घरात न्हाईत. मग पोरांनी माझंच रंगवून टाकलं." या तिन्ही वेळी अर्जदार घरातच होता. बाई फळे मिरवायला आल्या असे समजून त्याने पत्नीकरवी 'नाहीत' असे सांगवले होते. पत्नी त्या वेळी जे बोलली, ते या अर्जात लिहिण्यासारखे नाही.

१२. टंकलिखित झालेला कागद अर्जदाराने नोकरीत कधी फाडला नाही, म्हणून परिच्छेद १ ते ९ तसेच ठेवले आहेत. ते लिहिताना खरे वाटत होते. परिच्छेद ९ मधील सर्व विनंत्या मात्र रद्द समजाव्यात. सुधारित विनंती एवढीच की, मोकळी जागा आपल्या अखत्यारीत असल्याने पाटीवर वरच्या ओळीत 'यल्लव्वाची करटुली' असे लिहिण्यास परवानगी मिळावी. खालचे विजयमालाताईंचे नाव पुसू नये. अर्जदाराचे नाव कुठेही घालू नये.

१३. अर्जदाराच्या मनातली जळजळ पूर्ण शमली आहे, असे खोटे प्रतिज्ञापत्र तो करणार नाही. टोपलीचा फोटो त्याने अजून डिलीट केलेला नाही आणि तो बघताना पोटात दुखते. परंतु कुदळीचा दांडा काढून ठेवला आहे.

आपला नम्र आणि अद्याप थोडा धुमसणारा,

(सही)
प्र. स. कोवाडकर
कोल्हापूर, दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत : १) नर व मादी फूल, प्रत्येकी एक, कागदात दाबून.
२) कै. यल्लव्वा सयाजी कोवाडकर यांच्या रेशनकार्डाची छायाप्रत (पाटी रंगवताना नावाचे स्पेलिंग तपासण्यासाठी).

प्रत माहितीसाठी : सौ. विजयमाला जयपाल मगदूम यांना, त्यांच्या डब्यासह. डबा रिकामा नाही. आज उमललेली सगळी फुले आत आहेत. अंधार पडण्यापूर्वी वापरावीत. उद्यापासून भिंतीवरून हात घालू नये, फाटक उघडे असेल.