बत्तीस पायऱ्या, पाचशे मीटर

४ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. वही दगडाच्या कारखान्याची आहे, मजकूर माझा. कुणी वाचायची नाही.

आज चहाच्या वेळी मुकादमांनी विचारलं, बंदूक कुणी हातात धरलीय का? संपलेल्या खाणीत दर रविवारी क्लबवाले लांबून निशाणे मारतात. ३१ तारखेला गावातल्या टीमशी आमच्या कारखान्याची मैत्रीची मॅच आहे आणि आमचा चौथा माणूस मनगट मोडून बसलाय. सगळे आपापल्या कपात बघायला लागले. माझं तोंड आपोआप उघडलं. म्हणालो, लहानपणापासून.

हे खरंच आहे. जत्रेत फुगे फोडलेत. दहा छऱ्यांत तीन फुगे. एक छरा दुकानदाराच्या किटलीला लागला, पण किटली रिकामी होती.

मुकादम म्हणाले, क्रेनमामा महिनाअखेर रिटायर होतायत. मागे ते रजेवर असताना मी बोलघेवडा माणूस क्रेनवर बसवला, त्याने लादी ऑफिसच्या खिडकीतून आत पाठवली. आता ज्याचा हात बंदुकीवर स्थिर, तोच क्रेनवर. ३१ला बघतो.

म्हणजे काम झालं. सध्या मी दगड कापायच्या करवतीवर पाण्याचा पाइप धरतो. आठ तास ओला. क्रेनच्या केबिनला काच आहे, खुर्ची आहे, कोरडं आहे. ताईला तर मी जानेवारीतच कळवलंय की क्रेनवर लागलो. बातमी पुढे गेली, नोकरी मागून येतेय. असं होतं कधीकधी. ताई म्हणते, तेव्हापासून सासूबाईंनी ‘तुझा भाऊ करतो तरी काय’ हे विचारणं बंद केलंय.

६ मार्च, बुधवार
संकल्प. रोज पहाटे दहा मिनिटं श्वास रोखणे. चहा बंद, हात थरथरतो.

सकाळी ११. चहा घेतला. थरथर अजून आलेलीच नाही, तर आधीच सोडून काय उपयोग. श्वास चाळीस सेकंद रोखला. पॉलिशवाला म्हणाला, मरायचंय तर खोलीबाहेर मर, पुढचं भाडं मला एकट्याला पडेल. हा माझा खोलीतला जोडीदार, टीममध्येही आहे. वरचा पलंग त्याचा. आधी माझा होता, मी बदलून घेतला. वर हवा कोंडते.

१० मार्च, रविवार
गेलो होतो.

आवाजाबद्दल कुणी नीट सांगितलं नव्हतं. आवाज कानातून येत नाही. पोटातून येतो आणि कानातून बाहेर जातो. बंदूक माझ्या हातात नव्हतीच, मी दहा पावलं मागे उभा होतो. पहिला बार झाला आणि मी खाली बसलो. पॉलिशवाला सगळ्यांना सांगतोय की मी पडलो. मी बुटाची नाडी बघायला वाकलो होतो. (पायात चपला होत्या, पण हे त्याच्या लक्षात आलं नाही.)

गावच्या टीमची कॅप्टन म्हणजे गणिताच्या रिटायर बाई. पासष्टीच्या पुढे, जाड चष्मा. चटई अंथरून दुपारी लवंडावं तशा पालथ्या झोपतात, दहा गोळ्या मारतात, पदर झटकून उठतात. दहाच्या दहा काळ्या गोलात. समोरच्या टीमच्या असूनही शिकवतात सगळ्यांना. मला म्हणाल्या, ये बाळ, बंदूक चावत नाही.

चावते. उजवा खांदा जांभळा झालाय.

पाच गोळ्या मारल्या. बोर्ड पाचशे मीटरवर. त्याच्या खाली खंदक, त्यात माणसं बसलेली. गोळी लागली तर ती बोर्ड खाली ओढतात, भोकावर चकती लावून परत वर करतात. नाही लागली तर लाल झेंडा हलवतात. मला पाच झेंडे. पॉलिशवाला म्हणाला, बोर्डामागे काही पेरलंयस का? मी म्हणालो, वारा आहे. वाऱ्याचं निशाण काठीवर ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं. वर वारा होता.

नेम धरतो तोपर्यंत सगळं ठीक असतं. चापावर बोट गेलं की डोळे मिटतात. माझे डोळे आधीपासून नाजूक आहेत.

१३ मार्च, बुधवार
उपाय सापडला. कानात कापूस, त्यावर कानपट्टा, त्यावर टोपी. आज कामावर सराव केला. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. ‘पाइप बंद कर’ हेही नाही. ऑफिसात दोन बोटं पाणी. मुकादम काय काय बोलले ते कापूस काढल्यावर पॉलिशवाल्याने सविस्तर सांगितलं, स्वतःची भर घालून.

१७ मार्च, रविवार
आज पाळीपाळीने खंदकात बसायचं होतं. क्लबचा नियम आहे, जो मारतो त्याने बसायचंही. मी म्हणालो, मी चहाचं बघतो. मुकादम म्हणाले, चहाला वेगळा माणूस आहे, तू चल.

डोक्यावरून गोळ्या जातात. भिंत डोक्याहून दोन हात उंच आहे, सगळे सांगतात की काही होत नाही. वाळकी फांदी कानाशी मोडावी तसा आवाज, आणि तो आला म्हणजे गोळी पुढे गेलेली असते. हे मला कळतं. कळेपर्यंत मी खाली बसलेला असतो.

माझ्याकडे मुकादमांचाच बोर्ड. पहिल्या गोळीला वर बघून चकती लावली. डाव्या कोपऱ्यात होती. नंतर मी भिंतीला चिकटलो तो चिकटलोच. चकती तिथेच राहू दिली, दर वेळी बोर्ड फक्त खाली-वर केला. तिकडे मुकादम दर गोळीला दुर्बिणीचा स्क्रू उजवीकडे फिरवत राहिले. नवव्या गोळीने वाऱ्याच्या निशाणाची काठी मोडली.

नंतर कप धुताना मुकादम म्हणाले, वीस वर्षं मारतोय रे, आज वाटलं बंदूक विकून टाकावी. चेहरा फार उतरला होता. मी सांगणार होतो. पण सांगितलं असतं तर त्यांना आणखी वाईट वाटलं असतं. मोठ्या माणसांचं मन जपावं लागतं.

२० मार्च, बुधवार
जेवण जात नाही. पातेलं पडलं तरी उडतो. हे भीतीने नाही. बंदूकवाल्याचे कान तल्लख होत जातात.

दुपारी क्रेन लांबून पाहिली. शिडीला बत्तीस पायऱ्या आहेत, असं क्रेनमामा म्हणतात. मी सातपर्यंत मोजल्या. वर बघून मान दुखते.

२४ मार्च, रविवार
बाईंनी फसवलं.

म्हणाल्या, आज गोळी मी भरते, तू फक्त मार. मी नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला. टिक. बार झालाच नाही. बाईंनी रिकामी पुंगळी भरली होती. आणि बंदुकीचं तोंड जमिनीकडे, माझे डोळे गच्च मिटलेले आणि मी ‘आई गं’ म्हणालेलो. स्वच्छ ऐकू आलं सगळ्यांना, कारण दुसरा कसलाच आवाज नव्हता.

बाई म्हणाल्या, आवाज झालाच नाही, मग भ्यालास कुणाला?

मी म्हणालो, मी भीत नाही बाई, डोळे सवयीने मिटतात.

बाई म्हणाल्या, हो का. गणिताच्या बाईंचं ‘हो का’ फार वाईट असतं. सातवीत शाळेने आणि मी एकमेकांना सोडलं ते असल्याच एका ‘हो का’वरून.

मग जवळ बसून हळूच म्हणाल्या, माझे डोळे अकरा महिने मिटत होते रे. भीती जात नाही. तिला म्हणावं, हो बाजूला, झोप माझ्या शेजारी चटईवर. फक्त डोळे उघडे ठेव. बाकी काही करू नकोस.

एवढंच? असं असतं तर सगळेच केव्हाच शूर झाले असते.

२७ मार्च, बुधवार
ताईचा फोन. सासूबाईंना माझा क्रेनवरचा फोटो हवाय, शेजारणीला दाखवायला. मी म्हणालो, वर फोटो काढायला बंदी आहे. ताई म्हणाली, तू खरंच आहेस ना रे क्रेनवर? मी म्हणालो, अगं वेडी आहेस का. ती म्हणाली, नसलास तरी चालेल मला, पण आता नाही म्हणालास तर मी या घरात तोंड कुठे लपवू?

आता ३१ला हात स्थिर ठेवणं भाग आहे.

३१ मार्च, रविवार
मॅच झाली. आधी वाईट लिहितो.

माझा चार नंबरचा बोर्ड, शेजारी तीन नंबरवर बाई. प्रत्येकी दहा गोळ्या. पहिल्या नऊला नऊ झेंडे. खंदकातल्या माणसाचा हात दुखला असेल. मुकादम मागे दुर्बिणीला डोळा लावून बसलेले, एक शब्द नाही. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तळहात इतके ओले की बंदूक साबणासारखी सटकत होती.

तरी सामना हातात होता, कारण गावच्या टीममधल्या दातांच्या डॉक्टरांची तिसऱ्याच गोळीला पाठ धरली आणि ते चटईवरून उठलेच नाहीत. पॉलिशवाल्याने हिशोब केला. आम्ही तीन गुणांनी पुढे, बाईंची एक गोळी आणि माझी एक बाकी.

दहावी. काय झालं माहीत नाही, ताईचा तो प्रश्न आठवला. भीतीला म्हणालो, हो बाजूला. ती झाली नाही. झोपली शेजारी, अंगाला अंग लावून. मी डोळे उघडे ठेवले. पहिल्यांदा दिसलं की काळा गोल किती शांत असतो. चाप कधी ओढला गेला कळलंच नाही. बोर्ड खाली गेला, वर आला, आणि चकती बरोब्बर मध्यावर.

मी वळून मुकादमांकडे पाहिलं. त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि आकाशाकडे बघितलं.

बोर्ड तीन नंबरचा होता.

नियम असा की एका बोर्डावर दोन भोकं दिसली तर जास्त गुणांचं भोक बोर्डाच्या मालकाचं, आणि चुकीच्या घरात मारणाऱ्याला शून्य. बाईंची स्वतःची शेवटची गोळी त्याच वेळी सुटून काठावर गेली होती. माझी, पाच गुणांची, त्यांना मिळाली. आम्ही दोन गुणांनी हरलो. सगळ्यांचे कप हरलेल्यांनी धुवायचे असतात. मी एकट्याने धुतले, बाकीच्यांनी तसा आग्रह केला.

आता चांगलं. बाई मुकादमांना म्हणाल्या, पोराचा हात दगडासारखा आहे हो, फक्त घर चुकलं. क्रेनवर एकच घर असतं. मुकादमांनी दुर्बीण पेटीत ठेवली, मग म्हणाले, हात बघायचा होता, बघितला. बुधवारी ट्रायल. क्रेनमामा तोवर थांबतील, वरच असतील.

भीती संपली. आजपासून मी न भिणारा माणूस आहे.

१ एप्रिल, सोमवार
ताईला कळवलं, बंदी उठलीय, बुधवारी फोटो पाठवतो. इस्त्रीला शर्ट दिला.

२ एप्रिल, मंगळवार
शिडीजवळून तीनदा गेलो. शिडी तीच आहे. पण अंगात आल्यासारखी उंच दिसते.

३ एप्रिल, बुधवार. दुपार
सकाळी चढलो. खाली मुकादम, पॉलिशवाला मोबाइल धरून, आणि चटईवर बसून गंमत बघायला आलेल्या बाई. दहा पायऱ्या डोळे मिटून अगदी छान चढलो. अकराव्या पायरीवर बाईंचं सांगणं आठवलं. डोळे उघडले. खाली बघितलं.

पुढचा पाऊण तास मी अकराव्या पायरीवर होतो. वरून क्रेनमामा म्हणत होते, ये रे ये. खालून मुकादम म्हणत होते, उतर. दोघांचंही पटत होतं, पण बोटं शिडी सोडेनात. हात दगडासारखा आहे हे बाई बरोबर बोलल्या होत्या. शेवटी क्रेनमामांनी दगडाचे तुकडे उचलायचा लोखंडी पाळणा माझ्याजवळ आणला, पॉलिशवाल्याने वर येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली, आणि मला पाळण्यात बसवून खाली ठेवलं. लादीसुद्धा इतक्या हळू ठेवत नाहीत.

बाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, भ्यालास? मी म्हणालो, हो. त्यांनी ‘हो का’ म्हटलं नाही.

उद्यापासून पॉलिशवाला क्रेनवर. मी पाइपवर.

पाळणा खाली येताना पॉलिशवाल्याने फोटो काढला होता. पाळण्यात मी, वर क्रेनचा हुक, मागे आकाश. तोंड नीट दिसत नाही, हातांत झाकलेलं आहे. ताईला पाठवला. लिहिलं, आज क्रेनवर.

तिचा लगेच मेसेज आला. सासूबाई विचारतायत, डोळे का झाकलेत?

ऊन होतं, असं कळवलंय.