करिनचा डावा पाय

प्रिय अर्डिस,

धाकट्या बहिणीचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा, भाऊजींची साखर आणि तुमच्या अंगणातला तो नवसाचा निवडुंग, सगळं ठीक असेल अशी आशा करते. ॲरिझोनात तुम्ही लोक ऐन हिवाळ्यात बिनबाह्यांचे कपडे घालून फिरता म्हणे. इथे नॉर्थ डकोटात काल माझ्या गाडीची दारं गोठली आणि मला मागच्या डिकीतून आत शिरावं लागलं (चर्चच्या आवारात, पाद्रीबाई बघत असताना, आणि तो तपकिरी स्कर्ट घालून). तक्रार नाही. बरं चाललंय म्हणायचं.

माझ्या करिनची डॉक्टर एंगेनवरची केस एप्रिलमध्ये उभी राहते आहे. तुला सगळं माहीतच आहे, पण फार्गोच्या आपल्या वकीलबाईंनी मला इतक्यांदा समजावलंय की आता मलाही कुणाला तरी समजावल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा ऐक. बाळाला इजा झाली एवढं दाखवून भागत नाही. डॉक्टरांनी जे करायला हवं होतं ते केलं नाही आणि त्यामुळेच इजा झाली, हे सिद्ध करावं लागतं. ब्रिटाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आईच्या हाडामागे अडकला, यात कुणाचीच चूक नाही. अशा वेळी आईचे पाय तिच्या पोटाशी दुमडायचे आणि दाब द्यायचा तो खाली, ओटीपोटावर. कुणी वरून, पोटाच्या माथ्यावर दाबलं तर खांदा आणखी रुततो, आणि मग डोकं ओढलं की मानेतल्या नसा तुटतात. डॉक्टर म्हणतात दाब खालीच दिला, आणि दाब देणाऱ्या नर्सला काही आठवत नाही. म्हणजे चार वर्षांचं भांडण वीतभर जागेवर येऊन ठेपलंय. (वर आणि खाली यातला फरक कोर्टात सांगायला आपल्या राज्यातला एकही डॉक्टर मिळाला नाही. सगळे एकमेकांबरोबर बर्फाला भोकं पाडून मासे धरतात. शेवटी ऑरेगॉनहून एक डॉक्टरीण आणावी लागली, जिला माशांचा वासही सहन होत नाही.)

तर माझी जबानी झाली. जाण्याआधी वकीलबाईंनी मला बजावलं की विचारलं तेवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. हे मला! त्यांना आपल्या घराण्याची कल्पना नाही. समोर डॉक्टरांच्या बाजूचे, मिनियापोलिसचे बक्ली वकील, दातांची अशी शिस्तीतली रांग की माणूस मनातल्या मनात आपले मोजायला लागतो. शेजारी एक मुलगी बोललेलं सगळं टाइप करत होती. बक्लींनी विचारलं की बाळंतपणाच्या वेळी तुम्ही कुठे होता. मी सांगितलं, करिनचा उजवा पाय धरून. काय दिसलं? गुडघा. आणखी काय? अहो, पायच असा दुमडला होता की माझं नाक पार तिच्या गुडघ्याला टेकलं होतं. दाब कुठे दिला ते दिसलं का? नाही, पण त्या गुडघ्यावर लहानपणी सायकलवरून पडल्याचा व्रण आहे तो दिसला. अर्डिस, पानंच्या पानं जबानी आणि तिच्यात नुसता गुडघा.

मग त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं की एकंदरीत डॉक्टर एंगेन यांच्या उपचाराबद्दल तुम्हाला काय वाटलं. आता हे तूच समजू शकशील. आपल्याला कुणीही काहीही कसं वाटलं म्हणून विचारलं की तोंडातून जे निघतं तेच निघालं. मी म्हणाले, तक्रार काही नाही. खटाखटा टाइप झालं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. (बाबांचा पाय शेतातल्या यंत्रात गेला तेव्हा तेही डॉक्टरांना हेच म्हणाले होते, आठवतं? आणि वर बुटाबद्दल माफी मागितली होती.)

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली. बक्लींनी मग भांड्याचं काढलं. ब्रिटाला घरी आणलं तेव्हा मिसेस एंगेन भट्टीत भाजलेली हॉटडिश घेऊन आल्या होत्या, वरून बटाट्याचे गोळे लावलेली, भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर स्वतःचं नाव लिहिलेली. ते भांडं राहिलं माझ्याकडे. करिनने दावा लावला त्या महिन्यात कपाट आवरताना सापडलं, आणि मी परत दिलं. बक्लींनी विचारलं, रिकामं? मी म्हटलं, रिकामं कसं देणार? लिंबाच्या वड्या भरून दिलं. म्हणजे ज्या डॉक्टरांनी तुमच्या नातीचा हात अधू केला असं तुमचं म्हणणं आहे, त्यांच्या घरी तुम्ही दावा लावल्यावर वड्या पाठवल्यात? होय, आणि त्या जरा जास्तच भाजल्या गेल्या होत्या, हे मी शपथेवर सांगितलं. मिनियापोलिसच्या माणसाला कसं सांगणार की वड्या डॉक्टरांना नव्हत्या, भांड्याला होत्या?

मला राग येतो, अर्डिस. हे लिहितानासुद्धा कुणी बघत नाही ना म्हणून मी खिडकीकडे पाहिलं. डॉक्टरांनी आपल्या अर्ध्या गावाची बाळंतपणं केलीत, माणूस वाईट नाही, आणि ब्रिटाला एका हाताने बूट चढवताना बघितलं की मला त्यांच्या त्या चांगुलपणाचा फार राग येतो. हाताच्या दुसऱ्या ऑपरेशनचं आणि पुढच्या उपचारांचं सगळं या निकालावर अडलंय. पण तू जिवाला लावून घेऊ नकोस. तिकडे ऊन खा.

तुझी लाडकी (दुसरी कुणी नाहीच),
व्हर्ना

ता. क. वकीलबाईंनी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालीस की तेव्हा बाळंतपणाच्या खोलीत फार गडबड होती, नीट काही सांगता येणार नाही. बरोबर आहे. डॉक्टरांची आई, इडेलाबाई, तिकडे पत्ते खेळताना तुझी जोडीदार, रोज तोंड बघायचं. तुझ्या जागी मीही गडबडच होती म्हणाले असते. एप्रिलमध्ये इथे यायची काहीएक गरज नाही.

ता. क. दुसरा. खरंच येऊ नकोस, रस्ते वाईट आहेत. फक्त आठवण म्हणून लिहिते, त्या दिवशी कॉफीच्या यंत्रापाशी तू मला म्हणाली होतीस की ती नर्स स्टुलावर चढली आणि न मिटणाऱ्या सुटकेसवर बसावं तशी वरून कोपराने दाबत होती. मी हे जबानीत सांगायला गेले तर म्हणे ते ऐकीव, चालत नाही. ज्याने पाहिलं त्यानेच सांगावं लागतं. डावा पाय तू धरला होतास आणि तुझं नाक नेहमीप्रमाणे वर होतं. पाहुण्यांच्या खोलीत चादर बदलली आहे, पण ती अशीच.

ता. क. तिसरा. दोनदा नको म्हणून झालं. आपण दोघी एकाच स्वयंपाकघरात वाढलो, पाहुण्याने दोनदा नको म्हटलं की तिसऱ्या खेपेला काय करायचं असतं ते मी तुला सांगायला नको. ये.

ब्रिटाला चर्चमधल्या शाळेत टाळ्यांचं गाणं फार आवडतं. एका हाताने टाळी होत नाही, म्हणून ती उजवा हात शेजारच्याच्या हातावर मारते. गेल्या रविवारी शेजारची खुर्ची रिकामी होती. पोरीने सगळं गाणं हात तसाच हवेत धरून म्हटलं. तू आलीस की तिथेच बसतेस, खुर्ची तुझी होती.