आभाळ साफ होतं

हैदराबाद, १२ एप्रिल २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. ताई, मोठ्याने वाच. ही तिसरी नोकरी तरी टिकव म्हणालीस ना, टिकलीय! एसीत बसतो. उपग्रहाचे फोटो येतात, त्यात वणव्याचा धूर कुठून कुठे चाललाय ते माऊसने रेघ मारून दाखवायचं. आठवी नापासाला धूर आणि ढग वेगळे कळतात, बस. मी रेघ मारली की तिथल्या वनखात्याला कळतं, गाडी निघते.

गंमत सांगतो. आज फोटोत आपलं काशीगाव आलं. डोंगराशी धूर, खाडीकडे झुकलेला. ओळखलंच मी! पाला-शेण पेटवून शेतात राब भाजलात ना? वरून दिसतं, नको, म्हणून किती सांगितलं. पण तुम्ही कसले ऐकताय! केस नको म्हणून मी त्यावर ‘ढग’ लिहून टाकलं. साहेबाला पत्ता नाही.

तुमचा,
प्रण्या

काशीगाव, २० एप्रिल

चि. प्रणयास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ओट्यावर वाचत होते. शेजारचे नाथाकाका ऐकायला बसलेले. मी ‘गंमत सांगतो’पर्यंत आले, पुढचं नुसत्या नजरेने वाचलं आणि थांबले. काकांचे दोन्ही हात पट्टीत आहेत.

तो राब नव्हता रे. डोंगराला वणवा लागला होता. आबांनी यंदा राब भाजलाच नाही. पोरगं सांगतंय तर ऐकावं, म्हणाले, जन्मात पहिल्यांदा. आग खाली उतरू लागली तेव्हा आबा सगळ्यांना सांगत सुटले, घाबरू नका, माझा प्रण्या वरनं बघतोय, गाडी निघाली असंल. त्यांच्या शब्दावर लोक वाट बघत राहिले, वनखात्याला फोनही उशिरा केला. काकांचा गोठा गेला. म्हैस सोडवताना त्यांचे हात भाजले. तुला कळवू नको, असं आबांनी बजावलं होतं.

काका गेल्यावर मी आबांना सगळं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, तुझ्या पोराला दिसलं कसं न्हाय? आबा म्हणाले, त्या दिवशी ढग होते.

एप्रिलात ढग, प्रणय!

माझा राग उतरलेला नाही. वर लिहिलेला आशीर्वाद मात्र खरा.

तुझी ताई,
चांदणी

हैदराबाद, २५ एप्रिल

ती. आबांस,

नमस्कार तरी कुठल्या तोंडाने करू?

साहेबाला सांगितलं. नोकरी गेली. निघण्याआधी तो फोटो पुन्हा पाहिला. धुराचं बूड वर झाडीत आहे. आपला तुकडा नुसता कोरडा, राबाचा काळा डाग कुठेच नाही. इतकं साफ दिसत होतं. पण त्या दिवशी धूर दिसला आणि मला लगेच तुम्हीच दिसलात. तुम्ही माझं ऐकलंत, आणि ऐकाल असं मला वाटलंच नाही.

ताई, हे पत्र काका ओट्यावर असतील तेव्हा वाच. मध्ये थांबू नकोस.

काका, ढग नव्हते. आबा माझ्यासाठी खोटं बोलले. धूर मला दिसला होता, मीच लपवला. पुढच्या शनिवारी येतोय. शिव्या द्या, पण गोठा बांधायला मला घ्या. माझे हात धड आहेत.

लोभ असू द्या, हे लिहायला धजत नाही. तरी लिहितोय.

प्रणय