सरकारी बाटलीतला पाऊस

अंधेरी (पूर्व)
४ जुलै १९८८

तीर्थरूप बाबांस जानकीचा शि. सा. न. वि. वि. आईला नमस्कार वेगळा, एकात दोघांना उरकलं की ती रुसते.

इकडे मी आणि आत्या मजेत. आत्याचा गुडघा पावसाळी कुरकुरतोय आणि तो आमच्या हवामान कचेरीपेक्षा जास्त खरं सांगतो असं ती चाळभर सांगत सुटली आहे. वर्सोव्याची पुतळाबाई सुक्या मासळीचा बाजार घेऊन येते, तीही मला हवावाली म्हणून हाक मारते आणि उद्याचं विचारते. मी सांगितलं की हसते आणि छत्री घेऊनच निघते.

आता मुख्य बातमी. आमच्या साहेबांनी आम्हा नकाशावाल्यांना प्रत्येकी एक सरावाचा अंदाज लिहायला सांगितलाय. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र झालंय, ते पश्चिमेला सरकतंय. ते आत शिरलं की अरबी समुद्रावरून वारे खेचले जातील आणि आपल्या सह्याद्रीवर आदळतील. डोंगरात पाऊस किती पडेल, हे ज्याचं बरोबर येईल त्याचं नाव अंदाज वर्तवायच्या प्रशिक्षणाला पुण्याला जाणार. आतापर्यंत आमच्यातली एकही मुलगी गेलेली नाही. नंदकिशोरने सव्वादोनशे मिलिमीटर लिहिलंय. मी आपल्या घाटाखाली एका दिवसात तीनशेच्या वर लिहिलंय. साहेबांनी भुवया उंचावल्या. पण बाबा, मी त्या डोंगराखाली जन्मले आहे, नंदकिशोर घाटकोपरला.

तुम्ही सकाळी साडेआठला पाऊस मोजता तो आकडा तारेने आमच्याकडे येतो आणि नकाशावर मीच शाईने लिहिते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हे पत्र पोचेपर्यंत पाऊस पडून गेलेला असेल, म्हणूनच मोकळेपणी लिहिलं. डोंगरालगतच्या घरांकडे लक्ष ठेवा.

लोभ आहे तो तसाच ठेवा, रागावलात तरी.
तुमची जानकी

बांबरवाडी
९ जुलै १९८८

चि. जानकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं आणि त्याच एस.टी.ने वर्तमानपत्र. त्यात काय छापलंय ते तू वाचलंच असशील. बांबरवाडी, चारशे एक्याऐंशी मिलिमीटर! बाई गं, आपल्या वाडीचं नाव आजवर फक्त मतदारयादीत छापून यायचं. मास्तरांनी शाळेत मोठ्याने वाचून दाखवलं आणि फळ्यावर आकडा काढला. सगळी वाडी बघून गेली. शेजारच्या खंडूने तर पाऊस त्यानेच पाडल्यासारखी छाती काढली आहे.

बुधवारी सकाळी पर्जन्यमापकाची बाटली रिकामी करून मी आणि खंडू वरच्या आवाटात, डोंगरालगतच्या वस्तीत गेलो. तिथली दोन घरं खाली उतरवायची होती. दरड सरकत होती. माणसं, गुरं, भांडीकुंडी शाळेत आणून पोचवेपर्यंत गुरुवार उजाडला. पण पर्जन्यमापक उघडा टाकून कसं चालेल? ते काम तुझ्या आईने केलं. बाटली भरून वाहायला नको म्हणून दुपारी, तिन्हीसांजेला आणि गुरुवारी साडेआठला अशी तीनदा मोजणी. बाण्णव, एकशे अडुसष्ट, दोनशे एकवीस. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली. मी येऊन बेरीज केली आणि खंडूला तारेसाठी पिटाळलं.

बावीस वर्षं मुंबईच्या कापडगिरणीत साचे चालवले. संपानंतर गावी आलो तेव्हा लोक म्हणाले, सहदेव घाडी आता पावसाचं पाणी मोजत बसणार. त्याच पाण्याने लेक साहेबीण होणार असेल तर मी म्हातारपणीही मोजत बसेन. तुझा अभिमान वाटतो हे आता लिहूनच टाकतो, समोर असतीस तर जमलं नसतं.

आईचे आणि माझे आशीर्वाद पुरवून वापर.
बाबा

अंधेरी
१३ जुलै १९८८

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. माझं नाव २० तारखेला पुण्याला जाणार! चारशे एक्याऐंशी मीच शाईने नकाशावर लिहिलं. कचेरीत पेढे वाटले. नंदकिशोरने दोन खाल्ले आणि वाट लागली आपली म्हणाला, पण हसत. आत्याने गुडघ्याचा पराभव कबूल केलाय. आईला सांगा, तिच्या कोळशाच्या आकड्यांमुळे हे झालं.

लोभ वाढला असेलच, आता कमी करू नका.
जानकी

बांबरवाडी
१६ जुलै १९८८

चि. जानकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र लिहिण्याआधी एक पत्र तुमच्या कचेरीला रजिस्टरने पाठवलं. मुद्दाम तसंच केलं. आधी तुला लिहायला बसलो असतो तर दुसरं लिहायला हात उचलला नसता.

काल पाऊस जोरात होता म्हणून दुपारीच मोजायला घेतला. मोजलेलं पाणी अंगणात ओततो तर तुझी आई धावत आली आणि विचारू लागली की हे काय करताय. तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी तिने प्रत्येक वेळी पाणी नीट मोजलं, कळशीत धरलं आणि मोजणी झाली की थेंब न सांडता परत बाटलीत भरलं. सरकारने बाटली विश्वासाने आपल्या दारात ठेवली, तर त्यातलं पाणी आपण कसं फेकायचं, असं तिचं म्हणणं. मी रोज सकाळी अंगणात ओततो तेव्हा ही चुलीपाशी असते. पाच वर्षांत मी तिला हे कधी सांगितलं नाही, सांगायचं असतं हेच सुचलं नाही.

म्हणजे शेवटची मोजणी तेवढी खरी. बाटली वाहिली नव्हती, तेव्हा पाऊस दोनशे एकवीस. मी तेच पाणी तीनदा धरून बेरीज केली.

खंडू म्हणाला, राहू दे, बाटली बघायला कोण येतोय. माझ्या मनातही तेच येऊन गेलं, खोटं कशाला सांगू. तुझं पत्र समोर होतं, त्यातले पेढे होते. पण तू त्या आकड्यावर पुढच्या वर्षी अंदाज लिहिशील, आणि तो वाचून कुणीतरी दरडीखालचं घर सोडेल नाहीतर सोडणार नाही. शाळेत जाऊन फळ्यावरचा आकडा मी स्वतः पुसला.

तुझी आई कालपासून नीट जेवली नाही. लेकीचं नशीब मी परत बाटलीत ओतलं, असं म्हणते. तिला काहीतरी लिही. मला रागावलीस तरी चालेल.

आशीर्वाद आहेतच. ते मागे घेता येत नाहीत.
बाबा

अंधेरी
२० जुलै १९८८

तीर्थरूप बाबांस आणि तीर्थरूप आईस जानकीचा शि. सा. न. वि. वि.

आई, आधी जेव. तुझ्या तिन्ही मोजण्या अचूक होत्या. चूक माझी आहे, आणि ती तुमच्या दोघांच्या चुकीपेक्षा मोठी आहे.

त्या दिवशी नदीपलीकडच्या केंद्राचा आकडा दोनशे चार होता, घाटमाथ्यावरचा दोनशे तेहेतीस. मधेच आपला चारशे एक्याऐंशी. आमच्यात रीत आहे, आजूबाजूशी न जुळणारा आकडा आला की त्याभोवती पेन्सिलीने गोल करायचा आणि विचारणा करायची. दुसऱ्या कुणाचा असता तर मी लगेच केला असता. बाबा, मी पेन्सिल उचलली होती आणि ठेवून दिली. आकडा तुमचा होता आणि माझ्या सोयीचा होता. तुम्हाला मोह पत्र लिहिताना झाला, मला पाऊस पडल्यापासून तेरा दिवस होता.

तुमचं पत्र काल मिळालं. कचेरीचं रजिस्टर अजून आलं नव्हतं. मी तुमचं पत्र घेऊन साहेबांसमोर उभी राहिले आणि पेन्सिलीचंही सांगितलं. साहेबांनी दोनदा वाचलं. मग नकाशा पुढे सरकवला आणि दुरुस्ती मलाच करायला लावली. मी चारशे एक्याऐंशी खोडलं, दोनशे एकवीस लिहिलं, शेजारी सही केली. शाई वाळल्यावर नकाशा साहेबांना परत दिला.

पुण्याला नंदकिशोर जातोय. त्याचा अंदाज बरोबर होता, त्यात काही म्हणायचं नाही. घरी येऊन मी रडले हेही लिहून टाकते. आत्याने पाठीवरून हात फिरवला आणि आमच्या घाड्यांत असला वेडेपणा पिढीजात आहे म्हणाली. इतक्या अभिमानाने म्हणाली की मला रडताना हसू आलं.

उपसागरात दुसरं कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय. साहेबांनी आज सकाळी मला बोलावून त्याचा अंदाज लिहायला सांगितलं. या वेळी सरावाचा नाही. माझ्या नावाने नोंदवून ठेवणार आहेत, पुढच्या वर्षी नावं पाठवताना तो पाहतील. आपल्या घाटासाठी मी किती लिहिलाय ते तुम्हाला सांगणार नाही. वरच्या आवाटातली माणसं मात्र शाळेतच राहू द्या.

लोभ मागत नाही. तुमच्या लेकीला शोभेल असं वागता यावं, एवढं मागते.
जानकी

बांबरवाडी
२७ जुलै १९८८

चि. जानकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी आई जेवते आहे. तुझं पत्र तिने माझ्याकडून चारदा वाचून घेतलं. पेन्सिलीचा भाग आला की दर वेळी डोळे पुसते आणि पुढे वाचा म्हणते. गिरणीत मी पुष्कळ शूर माणसं पाहिली, पण साहेबासमोर स्वतःहून आपली चूक घेऊन जाणारं माणूस विरळा. ते माझ्या घरात निघालं.

परवा सकाळपासून काल सकाळपर्यंत डोंगर दिसला नाही, असा पाऊस झाला. मी घरात असूनही मोजणी तुझ्या आईलाच करायला लावली. तीनदा मोजलं. दर वेळी सरकारला हात जोडून तिने पाणी अंगणात ओतलं. बेरीज मी केली, मास्तरांनी तपासली आणि तार गेली.

किती पडला ते मीही तुला लिहिणार नाही. आकडा कचेरीत आला असेल. तिथेच वाच, सगळ्यांबरोबर.

तुझा,
बाबा